पयानघाटातून वर, वाशीमच्या पायऱ्यांवर

अकोल्याहून पातूरकडे निघालेल्या सायकलला सुरुवातीला फारसं काही करावं लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन लांबवर पसरलेली, दोन्ही अंगांना कापूस आणि तूर, रस्ता सरळ. वऱ्हाडाच्या जुन्या कारभारात या सखल पट्ट्याला पयानघाट म्हणत आणि वरच्या पठाराला बालाघाट. पातूर मागे पडलं की अजिंठ्याच्या डोंगररांगेचं पूर्वेकडचं अंग समोर उभं राहतं. गिअर एकेक करत खाली येतो, बोलणं बंद होतं आणि चढ मांड्यांना कळू लागतो. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आतबाहेर, वाशीम साडेपाचशेच्या आसपास. मधली बरीचशी उंची घाटातच चढावी लागते.

घाट सुरू होण्याआधी पातूरजवळच्या टेकडीत कोरलेले जुने विहार आहेत. ते पाहून निघालं तर पुढचा सगळा प्रवास निराळा होतो, कारण ज्या दगडात ते कोरले तोच दगड पुढे कारंजापर्यंत सोबत करतो.

पातूर ते मेडशी हा टप्पा सागाच्या जंगलातून जातो. राष्ट्रीय महामार्ग १६१ रुंद करताना डोंगर जिथे कापला, तिथे खडकाचे थर उघडे पडले आहेत. मोटारीतून ते दिसतात न दिसतात. चढावर ताशी सात-आठ किलोमीटरने सरकणाऱ्या सायकलवरून मात्र बोट ठेवून वाचता येतात. खाली घट्ट, निळसर काळा पाषाण, उभ्या भेगांनी चिरलेला. त्यावर ठिसूळ, करडा, भोकाभोकांचा थर. त्या भोकांमध्ये पांढरे, फिक्कट गुलाबी खडे भरलेले, नखाने टोकरलं तर बारीक चुरा हाताला लागतो. ही झिओलाइट गटातली खनिजं. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर आले, बुडबुडे राहिले आणि पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं त्यांत साचली. मध्येच एखादा विटकरी पट्टा लागतो. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत पुरेसा काळ गेला, वरचा खडक कुजून त्याची माती झाली आणि मग नव्या लाव्हाने ती झाकून टाकली.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ही घडामोड. आज दख्खनचा हा कातळ जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. ज्वालामुखी म्हटलं की आपण शंकूच्या आकाराचा डोंगर शोधतो, आणि वाशीम जिल्ह्यात तो कुठेही सापडत नाही. फ्रान्समधल्या ओव्हेर्न भागात तो सापडतो. तिथला प्युई द डोम हा ज्वालामुखी सायकलस्वारांचं तीर्थ आहे. टूर द फ्रान्स शर्यत १९८८नंतर थेट २०२३ साली पुन्हा त्याच्या माथ्यावर गेली. आपल्याकडे लाव्हा शिखरातून उसळला नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पाझरत, पसरत राहिला. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकीच्या भेगेतून असाच लाव्हा आला होता, पण दख्खनच्या मानाने तो अगदीच थोडा. म्हणून इथे सपाट माथ्यांच्या टेकड्या आहेत. घट्ट पाषाण कडा धरून उभा राहतो, भोकांचा थर झिजून मोकळा होतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. सायकलवर त्याचा अर्थ असा की एक दमछाक करणारा चढ, मग बराच वेळ सपाटी, मग पुन्हा चढ.

या पायऱ्यांची खरी माहिती विहीर खणणाऱ्यांना असते. मालेगावच्या अलीकडे रस्त्यालगत एका शेतात यारी लावलेली होती. विहीर तीन-साडेतीन पुरुष खोल गेली होती आणि दोर्‍यावरून दगडाची पाटी वर येत होती. काठावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी आधी सायकली न्याहाळल्या.

“सायकलनं कामून चालले भाऊ? यष्टी बंद हाय काय?”

मग आपणहून खाली बोट दाखवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या, म्हणजे तोच भोकांचा खडक. पाणी लागलं तर त्या मांजऱ्यात लागायचं. त्याखाली काळा पाषाण आला की सुरुंगाशिवाय काम होत नाही, आणि भेग सापडली नाही तर पैसा पाण्यात, पाणी मात्र नाही. भूशास्त्राच्या पुस्तकात बेसाल्टमधल्या भूजलाबद्दल जे असतं ते याहून वेगळं नाही. कुजलेला, भोकांचा खडक पाणी धरतो. अखंड पाषाणात ते फक्त भेगांतून फिरतं. या जिल्ह्यात कोणाची विहीर उन्हाळ्यात टिकते आणि कोणाची मार्चमध्येच तळाला जाते, याचं उत्तर पुष्कळदा आपण कोणत्या थरावर उभे आहोत यात असतं.

मालेगाव-वाशीमच्या या पठारावरचं पाणी दोन समुद्रांना जातं. काटेपूर्णा इथल्याच डोंगरात उगम पावते, उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. पूस, अरुणावती, अडाण याही इथल्याच, पण त्या पैनगंगेच्या ओढीच्या. पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत त्यांचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. हा जलविभाजक डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. एखादा साधा चढ संपतो, पायडल हलकं होतं, आणि पुलाखालचा ओढा आता उलट्या दिशेने चाललेला असतो.

शिरपूरला वाट थोडी वाकडी करावी. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता उभी आहे, अशी जैन भाविकांची श्रद्धा. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांतल्या वादामुळे हे मंदिर कित्येक वर्षं बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२३ साली ते उघडलं. गावाबाहेरचं पवळी मंदिर हेमाडपंती, काळ्या दगडाचं. त्याच्या भिंतीच्या कोनाकोनांवर सकाळचं ऊन पडलं की घाटात उभा चिरलेला तो पाषाण माणसाच्या हातून काय होतो ते समजतं.

वाशीम म्हणजे वाकाटक राजांची राजधानी वत्सगुल्म. १९३९ साली इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास पक्का झाला. शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. प्राकृतातलं ‘हरिविजय’ हे काव्य त्याचं, पण आज ते समग्र उपलब्ध नाही. हरिषेण या शाखेचा शेवटचा मोठा राजा, आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. पातूरचा घाट चढून आलेल्याला यात नवल वाटू नये. ज्या डोंगररांगेच्या या टोकाला राजधानी होती, तिच्याच दुसऱ्या अंगाला, तशाच लाव्हाच्या थरांत, ती लेणी आहेत. एवढा वारसा असलेल्या शहरात पाहुण्याला वाकाटकांची खूण शोधत हिंडावं लागतं, याचं वाईट वाटतं. बालाजी मंदिर मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. ते बरंच अलीकडचं, नागपूरकर भोसल्यांच्या काळात दिवाण भवानी काळू यांनी बांधवलेलं.

दिवस हाताशी असतील त्याने इथून रिसोडमार्गे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जाऊन यावं. दीर्घकाळ ज्वालामुखीचं मुख समजलं गेलेलं ते विवर उल्कापाताने झालेलं आहे, १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि तेही याच बेसाल्टमध्ये.

आम्ही पूर्वेला, मंगरुळपीरच्या वाटेला लागलो. दसरा उलटून गेला होता. सोयाबीनची सोंगणी झालेली, शेताशेतात सुड्या रचलेल्या, मळणी यंत्रांचा धुरळा आणि रस्त्याच्या अर्ध्या भागात वाळत घातलेलं पीक. दाण्यांवरून सायकल घसरते आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच, म्हणून तिथे उतरून चालावं. पांदण रस्त्याला वळलं की बाभळीचे काटे. दोन ट्यूब जास्तीच्या, पॅचचं पाकीट आणि चिमटा जवळ असल्याशिवाय या भागात येऊ नये. पंक्चर काढत बसलेल्याला पाणी विचारल्याशिवाय मात्र कोणी पुढे जात नाही. एका घरी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा मिळाला. पैसे काढले तर त्या मावशी रागावल्या.

मानोरा तालुक्यात जमीन पुन्हा उंचसखल होते. काळी माती खोलगट भागात, वरच्या अंगाला मुरमाड बरड, आणि त्या बरडाच्या काठाने बंजाऱ्यांचे तांडे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारा हा समाज. आगगाडी आणि पक्के रस्ते आले आणि त्यांची लदेणी संपली. तांडे जिथे स्थिरावले तिथली जमीन बहुधा हलकीच होती, आणि त्या जमिनीवर पिढ्या काढणं काय असतं हे चढावर सायकल ढकलताना थोडंफार कळतं. पोहरादेवी ही त्यांची काशी. इथे सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि रामनवमीला देशभरातून बंजारा समाज लोटतो. ऑक्टोबर २०२४मध्ये इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत नगाऱ्याच्या आकाराची आहे.

पोहरादेवीहून उत्तरेला कारंजा. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, आणि जैन ग्रंथभांडारांचं गावही. इथल्या हस्तलिखितांमधून डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित करून प्रकाशात आणले. गावाजवळ सोहोळच्या अभयारण्यात काळविटं आहेत. पहाटे गेलं तर रस्त्यावरूनही कळप दिसतो. समृद्धी महामार्ग कारंजाजवळून जातो. त्यावर सायकलला आणि दुचाकीलाही मज्जाव आहे, त्यामुळे वरच्या पुलावर थांबून खालची वाहनं पाहायची. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला, तेव्हापासून हजारो माणसं या जिल्ह्यातून जातात. अडाणचं खोरं त्यांच्या खिडकीतून काही मिनिटांत निघून जातं.

याच कारंजातून यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची शकुंतला धावायची. कापूस वाहून नेण्यासाठी घातलेली अरुंद रुळांची ही गाडी १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती; इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. आता रुळांवर गवत आहे आणि ती पुन्हा सुरू व्हावी ही मागणी अजून चालू आहे. कारंजाहून मूर्तिजापूरचा रस्ता पूर्णेच्या खोऱ्यात उतरतो, पायडल फारसं मारावं लागत नाही. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या मिळतात. पार्सल खिडकीवर थोडं लवकर पोचावं, पेट्रोलची टाकी नसल्याने सायकल बुक करायला फारशी खळखळ होत नाही.