काकूंच्या खिडकीतली पर्वती

शेजारच्या झाडांमुळे डोंगर दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्या माणसांबद्दल मला कधी आपुलकी वाटली नाही. पुण्यातल्या टेकड्या दरवर्षी कुरतडल्या जात असताना एखादं उभं हिरवं झाड कुणाच्या डोळ्यांत सलावं, याचा संतापच यायचा.

कायदाही माझ्या बाजूचा. ईझमेंटच्या, म्हणजे सुविधाधिकारांच्या, १८८२ च्या कायद्यानुसार घराला २० वर्षं बिनतक्रार मिळालेल्या उजेडावर आणि वाऱ्यावर हक्क सांगता येतो. देखाव्यावर तसा सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये १६१० सालीच ऑल्ड्रेडच्या खटल्यात म्हटलं गेलं, की देखावा ही आनंदाची बाब आहे, गरजेची नाही, म्हणून त्यासाठी दावा चालत नाही. मला ते पटलेलं होतं.

आज पटत नाही. आमच्या कंपाउंडला लागून अशोकाची रांग आहे. शेजारच्या घरात पहिल्या मजल्यावर काकू राहतात. गुडघ्यांनी जिना बंद केल्यापासून त्यांचं बाहेरचं जग म्हणजे ती एक खिडकी. "झाडं तोडा असं नाही हो म्हणत मी," त्या म्हणाल्या, "दिवेलागणीला पर्वतीवरचे दिवे दिसायचे, तेवढे दिसले तर बघा." पर्वती टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या आता ज्यांना चढता येणार नाहीत, त्यांच्यासाठी ते दिवे दिसणं ही चैन आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

शिवाय ती रांग मी झाडांच्या प्रेमापोटी लावलीच नव्हती. अंगणात कुणाची नजर पडू नये म्हणून लावली होती. म्हणजे ती भिंतच. विटांच्या भिंतीला उंचीचे नियम असतात. अशोक गुपचूप दोन मजल्यांच्या वर जातो. आडोशाला जेवढी उंची लागते, तेवढी ठेवणं ही लावणाऱ्याची जबाबदारी आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. झाडांच्या बाजूनं विचार केला तरी हेच खरं. "एक फांदी तोडू देणार नाही" असं ऐकवलेले शेजारी कधी कधी रात्री बुंध्याशी आम्ल ओततात. झाड जगवायचं असेल, तर शेजाऱ्याशी बोलणं टाळून चालत नाही.

अर्थात कोयता घेऊन चढायचं नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे झाड आपल्या अंगणातलं असलं, तरी छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. मोठ्या झाडाचा शेंडा सरसकट उडवू नये. तिथून कमकुवत फुटवे येतात आणि वादळात तेच मोडतात. आतल्या फांद्या विरळ केल्या किंवा खालच्या काढून टाकल्या, तरी पलीकडचं बरंच दिसू लागतं. अशोकाच्या फळांवर कोकिळा येतात, आडोशाला घरटी असतात. म्हणून आधी घरटी बघावीत, ती रिकामी होईपर्यंत थांबावं. काकूंनाही मी तसंच सांगितलं आणि त्या लगेच कबूल झाल्या.

अर्ज दिला आहे. त्यात अशोकाचीच नोंद आहे. कोपऱ्यातली बकुळ मी सावलीसाठी आणि फुलांसाठी लावली, तिला हात लावणार नाही. तिच्याआड पर्वतीचा एक तुकडा झाकलेला राहील, हेही काकूंना सांगून झालं आहे.