उतारवयाला बळ हवं

उतारवयात आहार कमी करावा, रात्री हलकं खावं, सकाळी फिरून यावं आणि बाकी शरीराला विश्रांती द्यावी, असं मी अलीकडेपर्यंत मनापासून मानत होते. आई आणि सासूबाई, दोघींनाही मी तसंच राहताना पाहिलं होतं. साठीनंतर त्यांचं रात्रीचं जेवण म्हणजे मेतकूट-भात, नाहीतर दूध-भाकरी. माझंही तेच सुरू झालं. आज माझं मत पार बदललं आहे. का बदललं, ते माझ्या वयाच्या मंडळींना सांगावंसं वाटतं.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही चंदीगडला आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. चालायची आवड असलेल्याला हे शहर फार मानवतं. सुखना चो या ओढ्यावर 1958 साली बांध घालून इथला तलाव केला. त्या बांधावर पहाटे पोचलं की समोर शिवालिकच्या टेकड्या दिसतात आणि पाय आपसूक पुढे पडतात. चालण्यात खंड नव्हता, त्यामुळे तब्येतीची काळजीही नव्हती. पण देवपूजा आटोपून पाटावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागू लागला.

फिजिओथेरपिस्टनं एक साधी गोष्ट करायला सांगितली. दोन्ही हात छातीशी धरून खुर्चीतून उभं राहायचं. मी पुढे झुकले, टाचांवर भार दिला, मांड्या थरथरल्या आणि अर्ध्यातूनच पुन्हा खाली बसले. दम लागला नव्हता, छातीत धडधड नव्हती. चालण्यानं दमसास टिकला होता. मांड्यांमधलं बळ मात्र ओसरलं होतं.

वयाबरोबर स्नायू झिजतात, हे खरं. ती झीज कोणत्याही वयात बऱ्याच अंशी भरून काढता येते, हे मला नवं होतं. बोस्टनमधल्या वृद्धांच्या एका रुग्णालयात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. 1990 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या नऊ जणांनी व्यायाम पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती. 1994 साली त्याच संशोधकांनी शंभर वृद्धांवरचा मोठा अभ्यास मांडला. व्यायाम करणाऱ्यांचं बळ वाढलं. नुसताच पौष्टिक पूरक आहार घेणाऱ्यांचा अशक्तपणा मात्र कमी झाला नाही. खाल्लेलं अंगी लागायचं तर स्नायूंना काम द्यावंच लागतं.

आणि इथे, आमच्या चंदीगडात, मान कौर होत्या. जन्म 1916 चा. मुलगा गुरदेव सिंग यांच्या आग्रहावरून त्यांनी 93 व्या वर्षी धावायला सुरुवात केली. 2017 मध्ये ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत 101 व्या वर्षी त्या 100 मीटर 74 सेकंदांत धावल्या. त्या वयोगटात त्या एकट्याच होत्या. पण त्या वयात शर्यतीच्या रेषेवर उभं राहणं हेच माझ्या लेखी मोठं आहे. मोड आणलेल्या गव्हाच्या रोट्या आणि केफिर, म्हणजे आंबवलेलं दूध, हा त्यांचा आहार. 2021 मध्ये, 105 व्या वर्षी, त्या गेल्या. आपण सगळ्यांनी धावावं असं मी म्हणत नाही. त्र्याण्णवाव्या वर्षीही शरीर शिकायला तयार असतं, एवढं त्यांच्याकडून घ्यावं.

मग आई आणि सासूबाई त्या हलक्या जेवणावर कशा तगल्या? याचा मी पुष्कळ विचार केला. त्या विहिरीचं पाणी ओढत, पाटा-वरवंटा चालवत, जमिनीवर बसून भाजी चिरत, आणि दिवसभरात कितीदा तरी उठत-बसत. त्यांचा व्यायाम त्यांच्या कामातच होता. आपण त्यांचं मोजकं जेवण उचललं आणि त्यांचं काम मिक्सर, नळ आणि डायनिंग टेबलावर सोपवलं. वारसा अर्धाच घेतला.

आता माझं ताट बदललं आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वृद्धांच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं 2013 मध्ये पासष्टीपुढच्यांना 1 ते 1.2 ग्रॅम सुचवली, कारण वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधले जातात. म्हणजे साठ किलोच्या बाईला 60 ते 72 ग्रॅम. मेतकूट-भातानं ती गरज भागत नाही. सकाळी मुगाचं धिरडं नाहीतर अंडं, दुपारी घट्ट वरण किंवा उसळ आणि वाटीभर दही, रात्री पनीर किंवा काळे चणे. शेजारच्या बीजींकडून राजमा शिकले, तोही आठवड्याला असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

व्यायामही बदलला. चालणं आहेच. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींसाठी व्यायाम करायला सांगते, कारण त्यानं पडण्याचा धोका कमी होतो. उतारवयात पडून खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळांचं स्वतंत्र जगणंच संपतं. म्हणून मी खुर्चीतून उठबस करते, ओट्याला धरून टाचा उचलते, एका पायावर उभी राहते आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातांनी उचलते. पूजेनंतर आता भिंत लागत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आता बसा, आराम करा, थोडंच खा’ असं आपण मायेनं सांगतो. त्याऐवजी त्यांच्या ताटात एक वाटी उसळ जास्त वाढा आणि जेवणाआधी त्यांना खुर्चीतून दहा वेळा उठायला लावा. पहिल्या दिवशी दोनदाच जमलं तरी चालेल. सुरुवात मात्र आजच करा.