पाल आणि ठिपका

"संध्याकाळी बोलू."

क्लासच्या सरांचा एवढाच मेसेज. भाची बारावीला आहे, आमच्याकडेच राहते. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. दुधाखालचा गॅस बंद करता करता मी वाचला. मला त्यात दोन शब्द दिसले. तिला मात्र चाचणीचे मार्क, तिच्या बाबांना गेलेला फोन, क्लासमधलं सगळ्यांसमोरचं बोलणं, सगळं दिसून झालं होतं.

"मावशी, पूर्णविराम दिलाय बघ. सर कधीच पूर्णविराम देत नाहीत."

"उगाच टेन्शन घेऊ नकोस," मी म्हणाले. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं आणि किती जणांना ऐकवलं, देव जाणे. त्याने कुणाचं टेन्शन गेल्याचं आठवत नाही. ते पोचतंच उशिरा. तोवर मन पुढच्या वळणावर जाऊन उभं असतं.

आमच्या घरात हे वळण जुनं आहे. बाबांना यायला दहा मिनिटं उशीर झाला की आई उंबऱ्यात. आजी आतून म्हणायची, मन चिंती ते वैरी न चिंती, आणि मग स्वतःच जपमाळ हातात घ्यायची. मनात शंकेची पाल चुकचुकते, असं आपण म्हणतो. किती नेमकं आहे ते! पाल दिसत नाही, नुसती चुकचुकते. आणि आपण भिंतीवरचं घड्याळ, कॅलेंडर, देवाचा फोटो सगळं सोडून तिलाच शोधत बसतो.

या शोधणाऱ्या नजरेला मापात धरायची एक साधी युक्ती मानसशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडली. पडद्यावर दोन शब्द येतात, एक वर, एक खाली. एक भीतीचा, दुसरा साधासुधा. अर्धा सेकंद थांबतात आणि जातात. मग त्यातल्या एकाच्या जागी ठिपका उमटतो. दिसला रे दिसला की बटण दाबायचं, बस. चिंतेने ग्रासलेल्या माणसांना भीतीच्या शब्दाच्या जागी आलेला ठिपका लवकर सापडे. सापडणारच, नजर आधीपासून तिथेच मुक्कामाला होती! अशा नाना तऱ्हेच्या १७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये निघाला, आणि चिंताग्रस्तांची नजर धोक्याकडे ओढली जाते हे त्यातही दिसलं. शास्त्रज्ञांनी त्या पालीला अर्ध्या सेकंदाच्या चिमटीत पकडलं होतं म्हणायचं.

पुढची कल्पना मला जास्त आवडते. ठिपका जर दर वेळी साध्या शब्दाच्याच जागी ठेवला तर? शेकडो वेळा तेच केल्यावर नजरेला कळतं की काम तिकडे आहे, भीतीकडे बघून हाती काही लागत नाही. मॅक्लाउड यांनीच २००२ मध्ये विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं. निम्म्यांची नजर नकारात्मक शब्दांकडे वळवली, निम्म्यांची तिथून दूर. मग सगळ्यांना अक्षरांची अवघड कोडी घातली. नजर दूर वळवलेल्यांना त्या कोड्यांचा ताण कमी जाणवला. उपदेश नाही, समजूत नाही, "अगं, असं काही नसतं" नाही. नुसती एक सवय लावायची, आणि तीही माणसाला पत्ता न लागू देता.

कॅनडात मॅक्‌गिल विद्यापीठात याचीच एक वेगळी तऱ्हा निघाली: कपाळाला आठ्या घातलेल्या चेहऱ्यांच्या चौकटीत एकच हसरा चेहरा, तो शोधायचा. नेदरलँड्समध्ये पीटर म्युरिस यांनी तर नजरेऐवजी अर्थ लावायची सवय बदलायला मुलांना चक्क परग्रहावर पाठवलं. रस्त्यात कुणी अंतराळवीर भेटतो, तुमच्यावर पिस्तूल झाडतो. पुढे काय? पाणी उडतं की चटका बसतो? मूल एक शेवट निवडतं आणि संगणक सांगतो, बरोबर की चूक. काही मुलांसाठी पाणी बरोबर होतं, काहींसाठी चटका. वाचताना माझा जीव त्या चटकेवाल्या मुलांत अडकला. प्रयोगाला तुलना लागते हे कळतं, तरीही.

भाचीने हसऱ्या चेहऱ्याचा तसा एक खेळ इंटरनेटवर शोधून काढला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही बसलो. चार आडव्या ओळी, चार उभ्या, सोळा चेहरे. ती टकटक बोट मारत सुटली. माझी पाळी आली तेव्हा डावीकडची चष्मेवाली बाई मला सोडेचना. अगदी माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका! भुवया तशाच, "उभी राहा" म्हणण्याआधीच्या. हसरा माणूस तिच्या अगदी शेजारी होता आणि मला तो शेवटी दिसला.

"मावशी, खरं ट्रेनिंग तुलाच हवंय," भाची म्हणाली.

तिला सांगायला माझ्याकडे उत्तर होतं. ठिपक्याच्या चाचणीत एकाच माणसाचे आकडे भरवशाचे नसतात, हे स्टेफान श्मुक्ले यांनी २००५ मध्येच दाखवलंय. म्हणजे मोजायचा गजच रबरी. मुलं आणि किशोरवयीन यांच्यावरच्या अशा प्रशिक्षणांचा एकत्रित हिशेब २०१५ मध्ये मांडला गेला. नजर आणि अर्थ लावायची तऱ्हा थोडीफार हलली होती, पण चिंता त्या मानाने हटलेली दिसली नाही. बटण दाबून भीती घालवण्याच्या गोष्टी कुणी सांगायला आलं तर मी तरी पाकीट उघडणार नाही.

आणि भीती दर वेळी खोटं बोलते असंही कुठेय? ही पोर रात्री नऊला क्लासमधून येते. कोपऱ्यावरचा दिवा कित्येक महिने बंद आहे. त्या गल्लीत तिने हसरा चेहरा शोधत चालावं असं मला मुळीच वाटत नाही. तिथे ती पाल चुकचुकलेली बरी. मला खटकतो तो पूर्णविराम. तिथे कुणी दबा धरून बसलेलं नव्हतं.

अशा प्रशिक्षणाचा अजून एक प्रकार मी तिला सांगितला. दोन्हीकडे झुकू शकेल असा छोटा प्रसंग देतात आणि शेवटच्या शब्दातली अक्षरं गाळतात. तो शब्द पुरा केला की प्रसंगाला एक बाजू मिळते. तिने दूधवाल्याच्या हिशेबाच्या कागदामागे लिहिलं: सर संध्याकाळी बोलू म्हणाले, कारण त्यांना करायचंय माझं कौ_क. गाळलेल्या जागेवर पेन्सिल टेकवून ती बराच वेळ बसली.

पावणेआठला फोन वाजला. ती गॅलरीत गेली, दोन मिनिटांत परत आली. सरांना तिची रसायनशास्त्राची वही हवी होती, आजारी पडलेल्या एका मुलासाठी. तिची वही सगळ्यांत नीट असते, म्हणाले.

"झालं ना समाधान?"

"हो," तिने कागद उचलला, घडी घातली. मग दारात थांबली. "पण मावशी, आवाज जरा वेगळा नाही वाटला त्यांचा?"