आवाज कमी, वजनही कमी

घरात वाद्य शिकणारं मूल असलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ते थोडंथोडं शिकावंच लागतं. पेटी किंवा तबला असेल तर निभावून जातं. पण ट्रॉम्बोन? पितळेचं, खर्जात घुमणारं हे वाद्य फेस्ताला किंवा वरातीत शोभतं. डिचोलीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते भिंती ओलांडून जातं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोकळा वाजवलेला ट्रॉम्बोन नव्वदच्या पुढे सहज जातो.

माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. वय बारा, अंगाने बारीक. त्याच घरात माझे सासरे पक्षाघातानंतर अंथरुणावर आहेत. विश्रांती हेच त्यांचं मोठं औषध. नातीचं वाजवणं बंद करा, असं ते कधी म्हणाले नाहीत, म्हणून तर काळजी आम्हीच घ्यायची होती. रियाज थांबवला तर मुलगी मागे पडणार, चालू ठेवला तर आबांची झोप मोडणार.

यावरचा उपाय म्हणजे म्यूट, पोर्तुगीजमध्ये सुर्दिना. वाद्याच्या रुंद तोंडात बसवायचं हे एक शंकूसारखं बूच. युक्ती जुनीच आहे. मोंतेवेर्दीने १६०७ मध्ये 'ऑर्फेओ' हा ऑपेरा केला. ट्रम्पेटना म्यूट लावायचे असतील तर सुरुवातीचा तुकडा एक स्वर वर वाजवावा, अशी सूचना त्याच्या छापील प्रतीत आहे. रिचर्ड स्ट्राउसने १८९७ मध्ये 'डॉन किहोटे'त म्यूट लावलेल्या पितळी वाद्यांतून चक्क मेंढ्यांचं बेंबटणं ऐकवलं. म्हणजे म्यूटने आवाज नुसता कमी होत नाही, त्याचा पोतही बदलतो.

बाजारात दोन जाती प्रामुख्याने दिसतात. साध्या 'स्ट्रेट' म्यूटला बुचाच्या लाकडाच्या तीन पट्ट्या असतात. पट्ट्यांमधून हवा निसटते, त्यामुळे आवाज बदलतो पण फारसा दबत नाही. सरावाच्या 'प्रॅक्टिस' म्यूटला मात्र बूच गोलाकार, सगळीकडून असतं. हवा बारीक भोकांतूनच जाते. आम्हाला हवा होता तो दुसरा.

सरांनी दोन नमुने घरी नेऊन बघायला दिले. एक धातूचा, एक प्लॅस्टिकचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पहिला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, दुसरा त्याच्या निम्म्याहूनही कमी. फरक तो केवढा, असं वाटेल. पण ट्रॉम्बोनचा सगळा भार डाव्या हातावर असतो, उजवा हात नळी मागेपुढे करण्यात गुंतलेला. त्यात म्यूट बसतो अगदी पुढच्या टोकाला. भरलेली कळशी कडेवर घेणं आणि हात लांब करून धरणं, यात जो फरक, तोच इथे. धातूच्या म्यूटने दहा मिनिटांत लेकीचा खांदा खाली झुकला आणि खांद्याबरोबर श्वासही.

तरी हलका म्हणून लगेच घेतला नाही. आधी खालचे स्वर वाजवून पाहिले. खालचा 'सी बेमोल' निघतो का, की घशात अडकतो? कमी आवाजाच्या हव्यासात बरेच म्यूट इथेच गळा आवळतात. मग सूर तपासला. म्यूट लावला की तो बहुधा थोडा चढतो, तेव्हा मागची जुळवणीची नळी किंचित बाहेर ओढावी लागते. तेवढ्याने सूर जागेवर आला. शेवटी बूच. त्यावर तोंडाची ऊब फुंकून, हलकासा पीळ देऊन बसवलं की म्यूट सुटून पडत नाही. जोर मात्र लावायचा नाही. पितळेला पोचा पडतो.

आता संध्याकाळी आतल्या खोलीत दार लोटून अर्धा तास रियाज होतो. बाहेर ऐकू येतं ते लांबून जाणाऱ्या ट्रकच्या गुणगुणीइतकं. पण रोज बंद तोंडाने वाजवलं तर अडखळत्या हवेचीच सवय लागते, मोकळा सूर किती भरायचा ते कळत नाही, असं सर बजावतात. म्हणून रविवारी आम्ही पेडण्याला माझ्या माहेरी जातो. तिथे काजूच्या बागेत म्यूट पिशवीतच राहतो. मुलगी पूर्ण छाती भरून वाजवते. हरकत घेणारं कोणी नसतं. फार तर एखादा कावळा फांदी बदलतो.

डिचोलीतही कधीतरी असं होतं. आबा जागे असले, मन जरा प्रसन्न असलं, की बऱ्या हाताने नातीला खूण करतात: ते बूच काढ. मग पाच मिनिटं सगळी इमारत ऐकते.