द्राक्षाची ती वाइन, मोहाची ती दारू?

शीर्षक वाचून रेक्टर मॅडमनी घाबरू नये! हा लेख पिण्याबद्दल नाही, मानाबद्दल आहे.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. द्राक्षमळा मी बघण्याआधी वाचला. बायबलच्या गोष्टीत येशू लग्नघरी पाण्याची वाइन करतो, ती गोष्ट सिस्टर फार छान सांगायच्या. पण माझं गाव धानोरा, जिल्हा नंदुरबार. आमच्याकडे द्राक्षं बाजारातून येतात, झाडावरून पडतो तो मोह. आजी अक्कलकुव्याकडची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडतो, तो वेचायला ती अंधारातच निघायची. हॉस्टेलवर मात्र मोह म्हटलं की एकच डायलॉग, "येताना एक बाटली आण ना!" नाशिकच्या मैत्रिणीला कुणी असं म्हणत नाही. तिला विचारतात, "वाइन टूर केलीस का गं?"

आता जरा केमिस्ट्री. द्राक्षात साखर, मोहाच्या फुलातही भरपूर साखर. यीस्ट ती खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. यीस्टला जात कळत नाही, जिल्हाही कळत नाही. फरक पुढे आहे. वाइन आंबवून थांबते, मोहाची दारू भट्टीवर ऊर्ध्वपातन करून काढतात. म्हणजे तिचं नातं वाइनपेक्षा ब्रँडीशी जवळचं.

मग मान कुठून येतो? माझ्या मते कागदावरून. नाशिकला राजीव सामंत यांची सुला वायनरी 2000 साली सुरू झाली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणलं. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. सुला हे नाव सामंतांच्या आईच्या, सुलभा यांच्या नावावरून आलंय. आईचं नाव बाटलीवर, किती छान!

फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर लांगडॉक म्हणून द्राक्षांचा मोठा प्रदेश आहे. तिथेही सगळं आपोआप झालं नाही. भाव कोसळले, बाजारात भेसळीची वाइन आली, तेव्हा 1907 साली तिथले शेतकरी लाखोंनी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी भेसळीविरुद्ध कायदा झाला. 1935 साली तर वाइनला तिच्या प्रदेशाचं नाव अधिकृतपणे देण्याची राष्ट्रीय व्यवस्थाच फ्रान्सने उभी केली.

आणि आमच्या मोहाला कागदावर काय मिळालं? 1892 साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांवरच कायदा केला. ठाणे-कुलाबा भागात नुसती फुलं जवळ बाळगण्यावरही बंधनं आली. दारू राहिली बाजूला, फूलच गुन्हेगार! स्वातंत्र्यानंतरही फुलं साठवण्या-नेण्यावर परवान्यांची कटकट होतीच. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने ही बंधनं सैल केली. मध्य प्रदेशने तर मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणायला सुरुवात केली आहे.

कुणी म्हणेल, दारूने घरं बुडतात त्याचं काय? बुडतात. मी पाहिली आहेत. दारूबंदीसाठी उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दल मला आदरच वाटतो. पण मग द्राक्षाने बुडणारं घर आणि मोहाने बुडणारं घर यांना एकाच मापाने मोजा ना! शिवाय मोह म्हणजे फक्त दारू नव्हे. सुकवलेली फुलं भाकरीत जातात, लाडवात जातात. बियांचं तेल निघतं.

म्हणून माझी मागणी बाटलीची नाही. वेचणारीला चांगला भाव मिळावा, एवढीच आहे. आणि इथे आपल्यासारख्यांना काम आहे बरं का! फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यातून कधी कधी वणवा लागतो. झाडाखाली जाळी बांधली तर आगही नको आणि फुलाला मातीही लागत नाही. उघड्यावर सुकवलेल्या फुलात धूळ बसते, साधा सोलर ड्रायर पुरेल. मेकॅनिकलवाल्यांनो, फायनल इयर प्रोजेक्टला विषय शोधताय ना? घ्या!

आजी आता थकली आहे, फुलं वेचायला जात नाही. तिचं नाव कुठल्या बाटलीवर यावं असं मला मुळीच वाटत नाही. पण मोहाच्या लाडवाच्या एखाद्या पाकिटावर 'सातपुडा' असं ठसठशीत छापलेलं असावं, आणि ते आपल्या मेसच्या टेबलावर कुणीही न हसता फोडावं, असं मात्र फार वाटतं.