उंदराची चौकशी

मागील पावसाळ्यांत वसतिगृहाच्या कोठीच्या खोलींत एक उंदीर राहावयास आला, आणि आठ दिवसांच्या आंत त्यानें तांदुळाचें पोतें फोडून उपासनेच्या गीतपुस्तकांच्या पाठी कुरतडल्या. (पुस्तकांतील खळ त्यास आवडली असावी; गीतांविषयीं त्याचें मत समजलें नाहीं.) बंदोबस्ताचें काम आम्हांकडे आलें. पिंजऱ्यांत भाकरीचा तुकडा लावून आम्ही निश्चिंत निजलों. सकाळीं भाकर जशीच्या तशी!

दुसऱ्या रात्रीं दिवा मंद करून आम्ही स्वतःच पाहावयास बसलों. उंदीर बाहेर आला तो भिंतीस अंग घासीतच. या प्राण्याची दृष्टि अधू. मिशा सेकंदास पांच-दहा वेळां पुढेंमागें हालवून तो वाटेंतील प्रत्येक वस्तु चांचपतो. पोतें, डबा, खुर्चीचा पाय, सर्वांची विचारपूस झाली. पिंजरा मात्र नवा. त्यास दुरूनच वळसा. ओळखीच्या जागेंत अनोळखी वस्तु आली कीं उंदीर कित्येक दिवस तिच्या वाटेस जात नाहीं.

ही भटकंती केवळ पोटासाठीं, असें आम्ही समजत होतों. परंतु १९३० सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या टोलमन व हॉन्झिक यांनीं कांहीं उंदीर दहा दिवस भूलभुलैयांत नुसते हिंडूं दिले; शेवटीं खाद्य ठेविलें नाहीं. अकराव्या दिवशीं तें ठेवितांच, दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या चुका रोज खाद्य मिळणाऱ्या उंदरांइतक्याच थोड्या झाल्या! रिकाम्या हिंडण्यांत त्यांनीं वाटा मनांत सांठविल्या होत्या. हें वाचून, वर्गाबाहेर हिंडणाऱ्या मुलांस आम्ही केलेल्या शिक्षा आठवल्या, हें कबूल करितों.

मग आम्ही एक युक्ति केली. पिंजऱ्याचें दार दोरीनें उघडें बांधून चार रात्री आंत भाकर ठेविली. पहिल्या दोन रात्रीं तो फिरकला नाहीं. तिसऱ्या रात्रीं त्यानें एकेक तार हुंगली, आंत जाऊन आला, पुन्हां गेला. त्याच्या चौकशींत कोठेंच उणें नव्हतें. पांचव्या रात्रीं आम्ही दोरी सोडली.

सकाळीं कोंडलेला उंदीर अजून तारा हुंगीतच होता. गड्यानें विचारलें, “मास्तरसाहेब, बादली भरूं काय?” आम्हांस चटकन् उत्तर देववेना. पिंजरा उचलून आम्ही ओढ्यापलीकडे गेलों व दार उघडलें. वाटलें, बाणासारखा पळेल. तो दारांतच थांबला. मिशा हालूं लागल्या. समोरील दगडाची कड त्यानें हळूहळू चांचपली, आणि मग त्या कडेकडेनें तो गवतांत गेला.