ऐकणाऱ्याची परीक्षा

डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. समुपदेशक होती अल्प प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे. ६ ते ८ भेटी. तीन महिन्यांनी सावरलेले ६४ टक्के, केवळ नेहमीच्या उपचारांत ३९.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीने विचारात पाडले. हे समुपदेशक ध्वनिमुद्रित भेटी गटात बसून ऐकत आणि परस्परांना गुण देत. प्रायश्चित्त संस्काराची गुप्तता अभंगच राहावी. परंतु कार्यालयात दुःखिताशी बोलणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना (सेमिनरीत तत्त्वज्ञान भरपूर शिकलो!) आपण कसे ऐकतो, हे कोण सांगणार? दुःखिताची संमती घेऊन तशी परीक्षा देण्याविषयी शेजारच्या धर्मग्रामांतील दोघा धर्मबंधूंना मी विचारले आहे. एकाने होकार दिला. दुसऱ्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.